गप्प बसणारे मूल : पहिल्या सहामाहीचा अभ्यास

(कार्यकर्ते, गृहमाता व सायंवर्गाचे शिक्षक यांच्या मासिक अभ्यासबैठकीसाठी)

जून महिन्यात पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहाच्या दारात उतरलेले दहा वर्षांचे मूल पहिल्या रात्री काय करते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. काही मुले रडतात. त्यांची तितकीशी काळजी नसते, कारण रडणाऱ्या मुलाजवळ कोणी ना कोणी जाऊन बसतेच. काही मुले पळून जायला बघतात. त्यांच्यामागे तर सगळेच धावतात. उरतात ती गप्प मुले. सांगू तिथे बसतात, वाढू ते खातात, घंटा झाली की उठतात. आपण एकमेकांना म्हणतो, "शहाणे आहे हो, काही त्रास नाही." या अंकात अशाच मुलाचा अभ्यास करायचा आहे. सुरुवात मी माझ्याच चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी मी मेळघाटातील एका वसतिगृहावर होतो. पाचवीला एक कोरकू मुलगा आला. त्याच्या गावातली शाळा चौथीपर्यंतच. अंगाने काटक, डोळे सतत भिरभिरणारे, पण तोंडातून शब्द नाही. सायंवर्गात मी पाढे घेत असे, तोंडी हिशेब घालत असे. "छत्तीस भाकरी नऊ मुलांना वाटल्या, तर प्रत्येकी किती?" बाकीची मुले हात वर करत. हा खाली मान घालून सतरंजीचे दोरे ओढत बसे. जून गेला, जुलै गेला, पोळा झाला. सप्टेंबरच्या प्रगतिपत्रकात मी लिहिले, "आकलन मंद. गणिताचा पाया नाही. लक्ष नसते." बाजाराच्या दिवशी त्याचे वडील भेटायला आले, तेव्हा हेच मी त्यांना एका मोठ्या मुलाकरवी सांगितले. याला शाळा झेपत नाहीसे दिसते, असे. त्यांनी मान हलवली, मुलाच्या हातात फुटाण्यांची पुडी दिली आणि ते निघून गेले.

दिवाळीच्या सुटीला आठ-दहा दिवस राहिले होते. त्या संध्याकाळी बेचाळीसपैकी अकरा मुले कबड्डीच्या सामन्यासाठी बाहेरगावी गेली होती. स्वयंपाकाच्या मावशी कोरकूच. पीठ किती मळायचे याचा हिशेब त्या चुलीपुढे बसून मोठ्याने करत होत्या, आपल्या भाषेत. एकेका मुलाला तीन भाकरी. हा मुलगा शेजारी लसूण सोलत होता. त्याने मान वर न करता उत्तर सांगून टाकले : त्र्याण्णव. मावशी मला हसत म्हणाल्या, "सर, तुमचा मुका पोरगा माझ्याआधी मोजतो."

मी त्याला जवळ बोलावले आणि तोच छत्तीस भाकरींचा प्रश्न विचारला. गप्प. मावशींनी तो कोरकूत विचारला. लगेच उत्तर : चार. मग मला एकेक शब्द विचारायची बुद्धी झाली. 'वाटल्या' त्याला कळत होते, 'किती' कळत होते. 'प्रत्येकी' हे मात्र त्याला एखाद्या मुलीचे नाव वाटत होते. चार महिने मी विचारत होतो की प्रत्येकीला किती भाकरी मिळाल्या, आणि तो विचार करत होता, ही कोण?

त्या रात्री मला फार आनंद झाला होता, हे कबूल करतो. दिवाळीनंतर याच्याकडे नीट लक्ष द्यायचे असे मी ठरवले. दिवाळीनंतर तो आलाच नाही. पंधरा दिवस वाट पाहून मी त्याच्या गावी गेलो. घराला कडी घातलेली. घरची सगळी माणसे कापूस वेचायला खाली अकोटकडे गेली होती. शेजाऱ्याने सांगितले, बापाने पोराला बरोबर नेले. वसतिगृहाच्या सरांनीच सांगितले म्हणे, शाळा झेपत नाही.

माझे एक वाक्य त्या घरात निकाल म्हणून पोचले होते. ते परत घेण्यासाठी मी पुढे दोनदा गेलो. मुलगा भेटला, हसला, पण वसतिगृहात परत आला नाही.

भाषा आड येते म्हणजे काय होते?

"आदिवासी मुलांना भाषेची अडचण असते" हे वाक्य आपण इतके वापरतो की त्याचा अर्थ झिजून गेला आहे. तो पुन्हा नीट पाहू.

महाराष्ट्रातल्या आदिवासी भाषा एका कुळातल्या नाहीत. वारली, भिली या मराठी-गुजरातीच्या नात्यातल्या. गोंडी आणि कोलामी द्राविडी, म्हणजे तेलुगूच्या नात्यातल्या. कोरकू तर मुंडा कुळातली; तिची भावंडे संताळी आणि मुंडारी, दूर झारखंडाकडची. साधे पाणी घ्या. गोंड मूल त्याला 'येर' म्हणते, कोरकू मूल 'दा' म्हणते. २०११ च्या जनगणनेत कोरकू मातृभाषा सांगणारे सुमारे सव्वासात लाख लोक मध्य प्रदेश व महाराष्ट्र मिळून नोंदले गेले. ही एक पूर्ण भाषा आहे, मराठीची मोडकी बोली नाही. आपले काही चांगले कार्यकर्तेसुद्धा "त्यांची बोली जरा अशुद्ध असते" असे म्हणतात, ते थांबले पाहिजे.

आता मराठी बोलताना होणाऱ्या चुका पाहा. कोरकू मूल "माझा आई आला" म्हणते आणि वर्ग हसतो. कोरकूत नामांचे पुल्लिंग-स्त्रीलिंग असे वर्ग नाहीत. तिथे भेद आहे तो सजीव आणि निर्जीव असा. तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल, हे कशावरून ठरते असे एखाद्या मुलाने विचारले तर आपल्यापैकी कोणाला उत्तर देता येईल? उलट त्याच्या भाषेत एकवचन आणि अनेकवचन यांच्यामध्ये द्विवचन आहे. 'आम्ही दोघे' आणि 'आम्ही पुष्कळजण' यांना तिथे वेगळी रूपे आहेत. संस्कृतातले द्विवचन शिकताना आपण रडलो होतो; हे मूल ते आईच्या मांडीवर शिकून आले आहे. मराठीतला 'आम्ही' आणि 'आपण' हा फरक बऱ्याच भाषांत नसतो, पण कोरकूत आहे. म्हणजे तो त्याला चटकन समजावता येतो, फक्त समजावणाऱ्याला हे माहीत हवे.

त्यात बाजारात आणि एसटीत या मुलांच्या कानांवर पडते ती हिंदी. म्हणजे मराठी ही त्याची तिसरी भाषा आणि इंग्रजी चौथी. चार भाषांच्या कुंपणात बसलेले दहा वर्षांचे मूल काही महिने नुसते ऐकत राहिले, तर ते स्वाभाविक आहे. नवी भाषा शिकणारी अनेक मुले आधी बराच काळ ऐकतात आणि मग बोलतात. या काळात त्याला उभे करून बोलते करण्याचा आग्रह धरला तर मूल बोलत नाही, फक्त उभे राहायला घाबरू लागते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून दाखवले की, मैदानावर बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण पाठ्यपुस्तकाची भाषा समवयस्कांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. त्यामुळे सातवीत गेलेला मुलगा मैदानावर फाडफाड मराठी बोलतो आणि इतिहासाच्या पेपरात कोरे पान देतो. आपण म्हणतो, "बोलायला पुढे, अभ्यासाला मागे." तो आळशी नसतो. 'परिणामी', 'संपुष्टात आले', 'वर्चस्व प्रस्थापित केले' ही त्याच्या मैदानावरची मराठी नव्हे.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे. संविधानाच्या ३५०-क अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीविषयी सांगितले आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये शक्य तितके मातृभाषेतून शिक्षण, आणि मुलाला भीती, दडपण व चिंता यांतून मुक्त ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकाच यादीत, एकापाठोपाठ येतात. ज्याने ती यादी केली त्याला वर्गाची चांगली जाण असावी असे मला वाटते. कारण मुलाची भाषा आणि मुलाची भीती या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

हिशेबाचे शब्द आधी

माझ्या चुकीनंतर आम्ही वसतिगृहात एक वही सुरू केली. डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला मुलांनी सांगितलेला कोरकू शब्द, देवनागरीत जमेल तसा लिहिलेला. पहिल्या पानावर फुले-फळे-पक्षी नाहीत. पहिल्या पानावर हिशेबाचे शब्द : प्रत्येकी, एकूण, शिल्लक, उरले, पेक्षा, निम्मे, पाऊण, सव्वा, दीड, दुप्पट, फरक. गणितात मागे पडणारी निम्मी मुले या बारा-पंधरा शब्दांत अडकलेली असतात, असा माझा अनुभव आहे. शब्दाला कोरकूत नेमका प्रतिशब्द नसेल तर मुले आपसांत वाद घालून एखादे वाक्य ठरवतात. त्या वादात मी शिक्षक नसतो, विद्यार्थी असतो. ही अदलाबदल मुलांना फार आवडते. गप्प मूल पहिल्यांदा तोंड उघडते ते बहुधा माझा उच्चार सुधारण्यासाठी.

मराठी संख्यानामांचेही असेच आहे. एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी, बावन्न म्हणजे आधी दोन आणि मग पन्नास. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'पन्नास दोन' अशी वाचनपद्धत आली, तेव्हा राज्यभर थट्टा झाली. ती पद्धत बरोबर की चूक, या वादात मी पडत नाही. पण जोडाक्षरांशी झगडणाऱ्या मुलाला 'त्रेपन्न' आणि 'पन्नास तीन' यांतले कोणते आधी समजेल, हा प्रश्न आपल्या सायंवर्गात थट्टेचा नव्हता. आमच्याकडे आम्ही दोन्ही म्हणून घेतो.

वाचनासाठी इयत्ता विसरावी लागते. 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून जी साधी कसोटी वापरते, ती आपल्याला पुरेशी आहे : मूल अक्षर ओळखते का, सुटे शब्द वाचते का, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद वाचते का, दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचते का. एकेका मुलाला पाच मिनिटे लागतात. ही कसोटी सगळ्यांसमोर नको, ओसरीवर एकट्याला बसवून घ्यावी. त्यानुसार गट करावेत आणि रोज पाऊण तास त्या गटात शिकवावे, मग पाचवीचे मूल आणि सातवीचे मूल एका गटात आले तरी हरकत नाही. सातवीच्या मुलाला लाज वाटते, हे खरे. त्यावर आम्हाला सापडलेला तोडगा असा की, त्याच गटात त्याला धाकट्यांसाठी गोष्ट वाचून दाखवण्याचे काम द्यायचे. तयारीसाठी तो ती चारदा वाचतो, आणि कोणाला संशयही येत नाही. गोष्टही शक्यतो त्यांच्याकडचीच घ्यावी. रात्री एखाद्याने कोरकूत सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी मराठीत चार वाक्यांत फळ्यावर लिहिली, की अर्थ आधीच माहीत असतो. उरते फक्त अक्षरांशी ओळख.

मूल येत नसेल तर

हे सगळे नवे आहे असे कोणी समजू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आणि पुढे कोसबादला जे काम केले, ते या विषयाची बाराखडी आहे. माँटेसोरीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी बिया, पाने, शंख-शिंपले, खडे यांतून साधने केली. वारली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. मोठी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर शाळा कुरणावर नेली, तीच कुरणशाळा. "मुले का येत नाहीत?" असे विचारून त्या थांबल्या नाहीत. मूल दिवसभर कुठे असते, हे त्यांनी आधी पाहिले. आपली मुले तर आपल्याच छपराखाली राहतात, तरी ती दिवसभर मनाने कुठे असतात हे आपल्याला ठाऊक नसते.

पहिले पंधरा दिवस

नव्या मुलाला पहिले पंधरा दिवस कोणतीही परीक्षा नको. त्याचे अंथरूण त्याच्या गावच्या किंवा शेजारच्या गावच्या मुलाजवळ टाकावे. "सगळे सारखे, गाववारी नको" हे तत्त्व चांगले आहे, पण ते पोळ्यानंतर लागू करावे. त्याच्या भाषेचा एक मोठा मुलगा त्याला जोडीदार म्हणून द्यावा आणि त्या मोठ्या मुलाला हे काम मानाचे आहे हे सर्वांसमोर सांगावे. नळ, दिव्याची बटणे, संडासाची कडी या गोष्टी दाखवाव्या लागतात. संडासाची कडी आतून लागते हे न कळल्यामुळे दोन दिवस पोट धरून बसलेले मूल मी पाहिले आहे. रात्री बाहेर जायची भीती वाटते, म्हणून अंथरूण ओले होते. त्याची वाच्यता करू नये, चादर गुपचूप बदलावी, दिवा चालू ठेवावा.

त्याचे नाव विचारावे. हे वाक्य विचित्र वाटेल, पण शाळेच्या दाखल्यावरचे नाव आणि घरचे नाव पुष्कळदा वेगळे असते. कोणा गुरुजींनी दाखल करताना सोयीचे नाव लिहिलेले असते, जसे आपल्या नोंदवहीतल्या कितीतरी मुलांचा जन्म १ जूनला झालेला असतो. हजेरीत दाखल्यावरचे नाव राहू द्या. पण रात्री अंथरुणाशी जाऊन त्याला घरच्या नावाने हाक मारणारे एक तरी मोठे माणूस वसतिगृहात हवे.

मुलामुलांमधली चिडवाचिडवी आपल्याला दिसत नाही, कारण ती आंघोळीच्या वेळी, पाण्याच्या रांगेत आणि दिवे मालवल्यावर होते. त्यामुळे कार्यकर्त्याने या तीन वेळी मुलांत असावे, ओरडण्यासाठी नव्हे, नुसते असावे. शिवणारी टोपणनावे, रंगावरून, गावावरून, आईबापाच्या कामावरून काढलेली नावे, पहिल्याच दिवशी थांबवावीत. आणि आपण स्वतः "ए काळ्या" म्हणत असू, प्रेमाने का होईना, तर आधी ते थांबवावे. वाढपाच्या, झाडलोटीच्या पाळ्या वेगवेगळ्या गावची मुले मिसळून लावाव्यात. एकत्र काम करताना मुलांची जितकी गट्टी जमते, तितकी "सगळे भाऊ आहोत" असे सांगून जमत नाही.

दुखते म्हणणारे मूल

अभ्यासाला बसवले की ज्याचे हातपाय दुखतात, त्याला आपण कामचुकार म्हणतो. थांबा. आदिवासी भागात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. थंडी, दमणूक, कमी पाणी पिणे यांनी सांध्यांत आणि हाडांत तीव्र वेदना उठतात, अशक्तपणा असतो, ताप वरचेवर येतो. ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात साध्या तपासणीत संशय आला, तर इलेक्ट्रोफोरेसिसने निदान पक्के होते. जूनमध्ये सगळ्या नव्या मुलांची तपासणी करून घ्यावी. ज्याला आजार आहे त्याला भरपूर पाणी, ऊबदार पांघरूण, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळेवर, आणि ताप आला तर वाट न पाहता दवाखाना. त्याच्या अभ्यासाच्या मागे पडण्याला आजार कारण असू शकतो, हे शाळेच्या शिक्षकांनाही सांगावे. पण सांगताना त्याचा आजार वर्गभर होणार नाही एवढी काळजी घ्यावी.

काही वेळा गप्प राहण्याचे कारण याहून वाईट असते. एखाद्या मुलाने किंवा मुलीने कोणी अंगाशी वाईट वागल्याचे सांगितले, तर ऐकून घ्यावे, विश्वास ठेवावा, पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये, आणि "संस्थेचे नाव खराब होईल" हा विचार मनात आणू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न देणे हा गुन्हा आहे. मुलांसाठी १०९८ हा मदतक्रमांक जेवणघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. मन फार खचलेल्या मुलासाठी, आणि थकलेल्या कार्यकर्त्यासाठीही, टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

घरची वाट

दिवाळीनंतर आणि होळीनंतर मुले परत येत नाहीत, ही आपल्या सगळ्यांची जुनी तक्रार. पण होळी हा मेळघाटात आणि सातपुड्यात वर्षातला सर्वांत मोठा सण. त्या सणाला मुलाला सोडायला खळखळ केली, तर मूल पळून जाते आणि मग लाजेने परत येत नाही. आधीच रजा द्यावी, परतीचा दिवस आईबापांशी बोलून ठरवावा. दिवाळीनंतर कामासाठी कोणती कुटुंबे बाहेर जाणार आहेत हे सप्टेंबरमध्येच विचारावे. आईबाप वीटभट्टीवर किंवा कापसाला गेले की मागे म्हातारी आजी आणि लहान भावंडे राहतात; मुलाच्या डोक्यात त्यांचीच काळजी असते. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी फोन लावून द्यावा. फोनवर दोन्हीकडून फारसे बोलणे होत नाही, बकरी व्याली का, पाऊस आला का, एवढेच. तेवढे पुरते.

आईबापांशी बोलताना मी आता एक पथ्य पाळतो. पहिल्या तीन भेटींत तक्रार नाही. मूल काय खाते, कोणाशी खेळते, काय छान करते, हे सांगायचे, शक्यतो त्यांच्या भाषेतून. अभ्यासाविषयी काही सांगायचेच असेल तर "अजून मराठी यायची आहे" असे सांगावे. "झेपत नाही" हे शब्द मी माझ्या तोंडातून काढून टाकले आहेत.

आता आपल्या हितचिंतकांसाठी थोडे. आपल्या वार्षिक अहवालात दहावीचा निकाल शंभर टक्के असे आपण अभिमानाने छापतो. तो खरा असतो. पण तो दहावीला बसलेल्या मुलांचा निकाल असतो. पाचवीत दाखल झालेल्या मुलांपैकी किती दहावीपर्यंत पोचली, हा आकडा आपण छापत नाही. माझा तो मुलगा कोणत्याच निकालात नापास नाही. त्याचे नाव कुठेच नाही. पुढील अहवालात हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्यावेत, अशी माझी सूचना आहे. दुसरा आकडा बघून कोणी देणगी कमी केली तर ती कमी होऊ द्यावी.

त्या मुलाचा धाकटा भाऊ यंदा जूनमध्ये पाचवीला आला. तोही बोलत नाही. त्याला आम्ही सतरंजीवर दोरे ओढू देतो, स्वयंपाकघरात बसू देतो, आणि पहिल्या सहामाहीचे त्याचे प्रगतिपत्रक मी मावशींना विचारून लिहिणार आहे.

अभ्यासबैठकीसाठी काम

प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वसतिगृहातील एक गप्प मूल मनात धरावे आणि पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून आणावीत. हे मूल घरी कोणती भाषा बोलते, आणि त्या भाषेतले किती शब्द मला येतात? त्याचे घरचे नाव काय? जेवताना ते कोणाशेजारी बसते? गेल्या महिन्यात ते कधी हसले, आणि तेव्हा काय चालले होते? त्याला न येणारे हिशेबाचे पाच शब्द कोणते? त्याच्या घरी मी शेवटचा कधी गेलो आणि तिथे काय बोललो? ज्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल त्यापुढे जागा कोरी सोडावी, अंदाजाने भरू नये. कागदावर मुलाचे नाव लिहू नये.